दूधवाल्याच्या घरी बिनदुधाचं

आमच्या घरात आजारी माणसाला काय द्यायचं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ताप आला, दूध. झोप येत नाही, दूध. बाळंतीण आली, दूध. पोरांची परीक्षा, दूध. कोणी रुसलं तर दुधात साखर जरा जास्त. माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांनी चाळीसेक वर्षं पंचवटीत घरोघर दूध घातलं. आधी सायकलवर, मग मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन लटकवून. मखमलाबाद रोडला त्यांचा गोठा होता. तिथे आता उंच इमारत आहे आणि खाली जिम. म्हशी विकल्या तेव्हा आबांचा धंदा सुटला, विषय सुटला नाही. पिशवीतलं दूध तापत असलं की ते स्वयंपाकघरात येऊन पातेल्यात डोकावत आणि काही न बोलता निघून जात. ते न बोलणं मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

थंडी संपता संपता आबांच्या घशात गाठ निघाली. तसलीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन नको, शेक देऊ, गुण येईल. शेक म्हणजे किरणं. दवाखान्याच्या बाकावर बसलेले सगळे त्याला शेकच म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं, दीड-दोन महिने.

सुरू करण्याआधी त्यांनी आबांच्या चेहऱ्याचा साचा घेतला. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ केली, तोंडावर, गळ्यावर, पार खांद्यापर्यंत दाबली आणि गार होऊ दिली. रोज शेक घेताना तो साचा तोंडावर चढवून टेबलाला खटक्यांनी अडकवायचा, म्हणजे मान तसूभर हलत नाही आणि किरणं जिथे पडायची तिथेच पडतात. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साचा आजच्या चेहऱ्याचा आहे. वजन उतरलं, गाल बसले की तो सैल होणार. सैल झाला की मान हलणार. मग थांबून सगळं नव्याने मोजावं लागतं, आणि मध्येच थांबणं आपल्याला परवडणारं नाही. खाणं जमलंच नाही तर नाकातून नळी घालू."

आबांना कमी ऐकू येतं, पण ऐकायचं ते बरोबर ऐकू येतं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "सूनबाई, थोरल्या भावाला नळी घातली व्हती. ती परत निघाली नाय. मला घातली तर दुसऱ्या दिवशी मी इथं येणार नाय. पोराला सांगू नको, तो रडत बसंल. तुला सांगून ठेवतो." आबा एकदा बोलले की बोलले. सासूबाई असत्या तरी त्यांना कोणी हलवू शकलं नसतं, आणि त्या जाऊन बरीच वर्षं झाली.

तर माझ्या वाट्याला आलेलं काम बोलायला एवढंसंच होतं. दोन महिने आबांचा चेहरा आहे तसा ठेवायचा.

मी मुळात एका जागी बसणारी बाई नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा अंबडला कंपनीत, शिफ्टची नोकरी. मी घरी पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, त्या बंद केल्या आणि दवाखान्याच्या मागे लागले. कुंभमेळ्याची कामं चाललेली, रस्ता रोज नव्या ठिकाणी खणलेला, द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली की अडकली. आबा मफलर गुंडाळून शांत बसायचे. मी पुढे वाकून बघायची, मागे बघायची, मोबाईल काढायची, परत ठेवायची. एकदा रिक्षावाला म्हणाला, "ताई, तुम्ही पाय नका दाबू, ब्रेक माझ्याकडं आहे."

शेकाच्या खोलीत मला जाता यायचं नाही. बाहेर दाराकडे तोंड करून उभी राहायची. आबा बाहेर आले की त्यांच्या गालांवर, कपाळावर जाळीचे बारीक बारीक चौकोन उमटलेले असायचे. ते मी आधी बघायची, माणूस नंतर. चौकोन ठळक असले तर साचा घट्ट आहे, एवढं मला समजत होतं. घरी पोचेपर्यंत ते पुसून जायचे.

दुसऱ्या आठवड्यात आबांचं तोंड आलं. जीभ लाल, गालाच्या आतून फोड. मग चव गेली. गूळ द्या, मीठ द्या, सगळं माती. त्यातून दूध प्यायले की घशात असा चिकटा धरायचा की खाकरून खाकरून डोळ्यांना पाणी. आहार सांगणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "सगळ्यांना होतं असं नाही, पण यांना होतंय ना? मग दूध आणि दुधाचं काहीही नको. गार, मऊ, गोडसर द्या. फळं गोठवून मिक्सरमधून काढा, त्यात नारळाचं दूध, काजू, शेंगदाणे घाला. पोटात ताकद गेली पाहिजे."

"नारळाचं दूध," आबा जिना उतरताना म्हणाले. "नारळ कोणत्या गोठ्यात बांधत्यात?"

त्या रात्री मोबाईलवर मी एक पोरगी बघितली. पांढरं शुभ्र स्वयंपाकघर, पांढरा ओटा, मिक्सरचं बटण दाबलं की गोठलेली फळं निमूटपणे गुळगुळीत व्हायची. स्मूदी म्हणे. मला हुरूप आला. माझं माहेर निफाडचं, भावाची द्राक्षबाग आहे, काढणी चालू होती. घडातून सुटलेले मणी पेटीत भरत नाहीत. ते भावाने मला क्रेटभर आणून दिले. मी धुतले, पुसले, ताटात पसरून फ्रीजरमध्ये घातले. गोठलेलं द्राक्ष तोंडात घोळवायला मला स्वतःला फार आवडतं. नाशिकची बाई आजाऱ्याला आणखी काय देणार? साखरेसारखी गोड द्राक्षं होती. मिक्सरमधून काढली, हिरवट फेसाळ असं काहीतरी छान तयार झालं, ग्लासात ओतून नेलं.

आबांनी एक घोट घेतला आणि ग्लास असा खाली ठेवला की मला वाटलं फुटला. तोंड उघडं टाकून बसले, डोळे मिटलेले. मग म्हणाले, "मिरची वाटून घातली व्हय गं?"

गोड असलं तरी द्राक्षाला आंबटपणा असतोच, आणि तोंडाला फोड आलेल्या माणसाला तेवढा पुरे. जन्म द्राक्षांत गेला आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. मोसंबी, अननस, संत्रं, सगळं बाद. उरलं काय? केळी, चिकू, पपई, खरबूज. त्यातही पहिल्यांदा मी केळी सालासकट फ्रीजरमध्ये टाकली. सकाळी काळी दगडं निघाली, सुरीने तासावी लागली. मग शिकले. केळं चांगलं ठिपके पडेपर्यंत पिकू द्यायचं, सोलून चकत्या करायच्या, ताटात एकाला एक न चिकटता मांडायच्या, दगड झाल्या की डब्यात भरायच्या. चिकूच्या बिया आणि सालाजवळचा चरचरीत भाग काढायचा. पपई अगदी पिकलेली, नाहीतर घसा धरते. काजू भिजवून, शेंगदाणे भाजून सोलून भिजवून. ओला नारळ खवून, वाटून, पिळून दूध काढायचं. माझा फ्रीजर बघून नवरा म्हणाला, "वाटाणे कुठे गेले?" मी म्हटलं, वाटाणे शेजारच्यांकडे राहायला गेले.

मिक्सरचं मात्र त्या पांढऱ्या स्वयंपाकघरातल्यासारखं काही होईना. आमचा मिक्सर चटणीचा. गोठलेलं केळं घातलं की पातं एक गिरकी घ्यायचं आणि नुसतं घरघरत राहायचं, भांड्यात फळं जागची हलायची नाहीत. जळका वास यायला लागला. मला कुठला धीर? मी अर्धी वाटी पाणी ओतलं. लगेच फिरलं. सुटलीस बाई, असं स्वतःलाच म्हटलं आणि ग्लास घेऊन गेले.

आबांनी ग्लासात बोट बुडवलं. अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडला आणि नख जरा तिरकं धरलं. दूध बघायची ही त्यांची पद्धत. निरसं दूध नखावर टिकून राहतं, पाणी घातलेलं पळतं. थेंब पळाला.

"पाणी," आबा म्हणाले.

"अर्धी वाटी. मिक्सर फिरत नव्हता."

"अर्धी वाटी असू दे, नाय तर तांब्या असू दे. पाणी ते पाणीच."

"आबा, हे दूध नाही."

"म्हणून तर म्हणतो. दूध नाय. चव लागत नाय. वरून पाणी. मग मी गिळतो काय?"

माझं डोकं फिरलं. सकाळपासून मी एकटी नाचत होते आणि हे नखावर थेंब धरून बसले होते. "तुमच्या गिऱ्हाइकांनी कधी एवढं बघितलं का?" असं मी म्हणून गेले. मी आत जाऊन भांडी आपटली. भांडी आपटण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पण आपटता आपटता ते बोलणं डोक्यातून जाईना. एकेक घोट गिळताना ते मांडी घट्ट धरायचे, बोटं पांढरी पडायची. एवढं दुखणं सोसून पोटात जर पाणीच जाणार असेल तर माणसाने सोसायचं कशासाठी? त्या दिवसापासून ठरवलं, पाण्याचा थेंब घालायचा नाही.

पाणी न घालता गोठलेलं फळ वाटायचं तर एकच उपाय आहे, आणि तो माझ्या स्वभावात बसत नाही. थांबणं. फळं फ्रीजरमधून काढून ओट्यावर ठेवायची, डब्याला बाहेरून दहिवर येईपर्यंत हात लावायचा नाही. मग आधी भिजलेले काजू-शेंगदाणे नारळाच्या दुधात बारीक करून घ्यायचे, मग केळं, मग बाकीचं, थोडं थोडं. बटण क्षणभर दाबायचं, सोडायचं. झाकण काढून चमच्याने कडेचं आत ढकलायचं. पुन्हा दाबायचं, सोडायचं. भांड्याला हात लावून बघायचा, गरम लागलं तर परत थांबायचं. बराच वेळ भुगाच दिसतो. वाटतं, आज काही होत नाही. मग एकदम सगळं एकत्र येतं आणि जाड, मऊ, चमच्यावरून सावकाश पडणारं असं काहीतरी होतं. मधल्या वेळात मी ओट्यापासून गॅलरीपर्यंत येरझारा घालायची. माझा नाश्ता म्हणजे भांड्याला लागलेलं बोटाने पुसून खाणं, तेही उभ्यानेच.

आबांनी थेंब नखावर धरला. थेंब बसून राहिला. नख पार उलटं केलं तरी हलला नाही. "आता कसं," म्हणाले, आणि अर्धा ग्लास प्यायले. त्याला त्यांनी 'गार लापशी' असं नाव दिलं. स्मूदी हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही.

नख काही दर वेळी खरं बोलायचं नाही, हेही सांगते. एकदा पपई पाणचट निघाली, थेंब पळाला. आबा म्हणाले, "पाणी." मी म्हटलं, "शप्पथ नाही." त्यांना विश्वास येईना. मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, खुर्ची टाकून बसवलं आणि त्यांच्यासमोर दुसरी पपई कापून परत केलं. परत थेंब पळाला. आबांनी नख पुसलं. मग म्हणाले, "मग झाडालाच जास्त पाजलं असंल." चूक म्हणून कबूल करणार नाहीत.

असं करत चौथा आठवडा आला. वजन थोडं उतरलं होतं, पण फार नाही. चौकोन उमटत होते. तेवढ्यात लासलगावला दिलेली माझी मोठी नणंद वडिलांना बघायला आली. ताई म्हणजे मायेची बाई, हात सैल, बोलणं मोकळं. आबांची कॉलर गळ्यापासून सुटलेली पाहून ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, तू लय दमली. आज मी करते आबांचं. तू बस जरा." मी बसले नाही, पण वाण्याकडे जाऊन आले. येऊन बघते तो आबांनी ग्लास रिकामा केलेला. पूर्ण ग्लास. कितीतरी दिवसांत असं झालं नव्हतं. मला ताईचा हेवा वाटला आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

त्याच दुपारी शेकाच्या खोलीचं दार बंद झालं आणि लगेच धावपळ झाली. मशीन चालवणारा आतला माणूस पळत गेला. आबा साच्याखाली बांधलेले असताना त्यांच्या घशात चिकटा दाटला होता. खोकता येईना, तोंड उघडता येईना, मान हलवता येईना. नुसते हात हवेत उडवत होते. साचा सोडवून त्यांना बसवलं तेव्हा ते घामाने भिजलेले होते. त्या दिवशीचा शेक झालाच नाही. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर एकही चौकोन नव्हता, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी चल."

घरी आल्यावर मी ताईला विचारलं, "तुम्ही आज त्यात काय काय घातलं?"

"तुझंच सगळं. केळं, चिकू, काजू."

"दूध?"

"दूध नाय घातलं, वहिनी. तू सांगितलं व्हतं ना. साय घातली दोन चमचे."

ती खोटं बोलत नव्हती. दूधवाल्याची लेक ती. तिच्या लेखी दूध वेगळं आणि साय वेगळी. दूध पितात, साय लावतात, साय चोपडतात, साय लाडक्याच्या भाकरीवर घालतात. हे सगळं मला कळत होतं तरी मी थांबले नाही. घसा दाटून माणूस गेला असता, नळी लागली तर तुम्ही येणार का समजूत घालायला, असं काय काय मी बोलले. ताईने ऐकून घेतलं. बाजूला आबा बसले होते. संध्याकाळच्या गाडीने ती लासलगावला गेली.

ती गेल्यावर आबा म्हणाले, "तिला मी सांगितलं व्हतं."

"काय?"

"ती विचारत व्हती, आबा, काय घालू म्हंजे गोड लागंल. काय सांगणार तिला? जिभेला कायच कळत नाय म्हणून सांगू? म्हटलं, साय घाल. तिला बरं वाटलं."

मग सगळा ग्लास कसा रिकामा झाला ते मला समजलं. माफी मागणं मला नीट येत नाही. मी ताईला फोन लावला आणि यंदा कांदा कसा आहे ते विचारलं. ती म्हणाली, "बरा हाय. राहू दे वहिनी, मला समजलं."

पण खरं संकट त्यानंतर सुरू झालं. आबा घाबरले. कधी कोणाला न घाबरणारा माणूस ग्लास बघून मान फिरवायला लागला. दोन चमचे घेतले की पुरे. जाळीखाली परत दाटलं तर, ही भीती. शेकाला यायचे, कारण डॉक्टरबाईंना सुरुवातीलाच रोज येतो म्हणून शब्द दिला होता, पण पोटात काही जात नव्हतं. गालांवरचे चौकोन फिके दिसायला लागले. शुक्रवारी आतला माणूस बाहेर येऊन हळूच मला म्हणाला, "हनुवटीपाशी आता बोट जातंय." डॉक्टरबाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी बघू, नाहीतर नळी.

शनिवारचा अख्खा दिवस मी समजावलं, रागावले, हात जोडले. चमचा घेऊन त्यांच्या मागे मागे फिरले. आबा म्हणाले, "तू समोर उभी राहिली ना, की माझा गळाच बंद व्हतो." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी माळा आवरायला घेतला. हाताला काम नसलं की मी माळा आवरते. तिथे जुन्या कॅनमागे दुधाचं माप सापडलं, लांब दांड्याचं, सगळ्यात लहान, फुलपात्राएवढं. बाकीची भंगारात गेली होती, हे कसं राहिलं कोणास ठाऊक.

रविवारी सकाळी लापशी केली, पातेल्यात काढली आणि पातेलं, माप, वाटी असं सगळं आबांच्या पुढ्यात ठेवलं. "तुमचं तुम्ही घ्या," म्हटलं. "एक माप. दुसरं मागणार नाही. मी इथे उभीही राहत नाही." खरंच गेले, पण दाराआड उभी राहिले. तेवढी सभ्य मी नाही.

आबांनी माप हातात घेतलं, उलटून आतून बोट फिरवलं. पातेल्यात बुडवलं, काठोकाठ भरून वाटीत ओतलं. आणि तिथे त्यांचा हात थांबला नाही. माप पुन्हा पातेल्यात गेलं आणि वाटीत वरून आणखी एक धार पडली. दूधवाला कधी नुसतं मापून देत नाही. माप झालं की थोडं वर घालतो, गिऱ्हाइकाने मागायच्या आत. आबांनी चाळीस वर्षं दर घरी ते वरचं घातलेलं. आता वाटीत माप होतं आणि वरचंही होतं, आणि ते परत पातेल्यात ओतणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

"हात ऐकत नाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग प्यायले. सावकाश, मांडी धरून, पण वाटी संपवली. दाराआड मी पदर तोंडात कोंबला होता.

मग तसंच चाललं. मोठा ग्लास बंद. थोड्या थोड्या वेळाने एक माप आणि वरचं. कोणी सांगायचं नाही, कोणी मोजायचं नाही, कोणी समोर उभं राहायचं नाही. पातेलं बर्फाच्या परातीत ठेवायचं आणि आपण लांब जायचं. मला त्या लांब जाण्याचा फार त्रास व्हायचा. गॅलरीत कपडे उलटे वाळत घालायची, वाळलेले पुन्हा घालायची. बाजारात आंबा आला तसा केळ्याच्या जोडीला गोठवलेला हापूस घातला. त्याने तोंड चुरचुरलं नाही. सोमवारी डॉक्टरबाईंनी साच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस देते." दोन दिवसांनी आणखी दोन दिले. चौकोन हळूहळू ठळक व्हायला लागले.

शेवटच्या शेकाच्या दिवशी आबा बाहेर आले तेव्हा गालांवर जाळी अशी रुतलेली होती की हात फिरवला तर बोटाला लागावी. गाठीचं काय झालं ते पुढच्या तपासणीत कळणार होतं, पण नळी लागली नव्हती, एक दिवस सोडला तर खाडा नव्हता, आणि पहिल्या दिवशीचा साचा शेवटच्या दिवशी बसला होता. मला पळावंसं वाटत होतं. रिक्षा थांबवून ठेवली होती, नवऱ्याला फोन करायचा होता, ताईला करायचा होता, औषधं घ्यायची होती.

नर्सने आबांना शेवटचं वजन करायला बोलावलं. आबा काट्यावर चढले. ती म्हणाली, "छान. टिकवलंय." आबा खाली उतरले, काट्याचा दांडा धरून उभे राहिले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "आता हिला घ्या."

नर्स हसली. "आजोबा, पेशंट तुम्ही."

"हिला घ्या म्हणतो ना."

मी म्हटलं, आबा, रिक्षा थांबली आहे, चला. ते दाराच्या वाटेत उभे राहिले. त्यांना बाजूला सारून जाणं शक्य नव्हतं. मी चढले.

"पर्स खाली ठेव," आबा म्हणाले.

मी पर्स ठेवली. आकडा आला. लग्नात माझं जे वजन होतं त्याच्याही खाली होता तो. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय."

"माझं बरोबर दाखवतं आन तुझं बिघडलेलं व्हय?" आबांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. चौकोन उमटलेला तो चेहरा एवढा वेळ माझ्याकडे कधी वळला नव्हता. "दोन महिने माझं वजन करत्यात सगळी," ते म्हणाले. "तुला कुणी विचारलंच नाय गं, सूनबाई."

मी तिथेच, काट्यावर उभी राहून रडायला लागले. दवाखान्यात, चार लोकांत, मला लाजही वाटली नाही. नर्स म्हणाली, "ताई, खाली उतरा, मागे पेशंट थांबलेत." मला उतरताच येईना.